खुरप्यापासून स्टार्टिंग ब्लॉकपर्यंत

हेडफोन लावलेत ना? आज बोलूया शंभर मीटरच्या शर्यतीवर. पण कोण जिंकलं ते नाही, शर्यत सुरू कशी होते ते.

मी मंगरूळपीरचा. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे काळी माती. शर्यतीआधी आम्ही घरून आणलेल्या खुरप्याने पाय रोवायला दोन खड्डे करायचो. सर क्लॅपर वाजवायचे, की सुटायचो. तालुक्याला मी पहिला आलो. मग वाशिमला, जिल्हा स्पर्धेत, आयुष्यात पहिल्यांदा स्टार्टिंग ब्लॉक पाहिला. कोणता पाय पुढे, रेषेपासून किती अंतर, काहीच कळेना. शेजारच्या लेनमधला पोट्टा म्हणाला, "काय करून राह्यला बे? उलटा लावला तू!" तेवढ्यात "सेट" झालं. माझा पाय सटकला. संपली शर्यत.

बरीच वर्षं वाटायचं, आपणच मागासलेले. मग इतिहास वाचायला घेतला आणि बरं वाटलं.

1896, अथेन्स. पहिलं आधुनिक ऑलिंपिक. अमेरिकेचा थॉमस बर्क हात जमिनीला टेकवून, वाकून बसला. शेजारचे उभेच होते. बर्कने 12 सेकंदांत शर्यत जिंकली. कारण सोपं आहे: वाकलं की पाय जमिनीला मागे ढकलतात आणि शरीर पुढे फेकलं जातं. पण ढकलायला टेकू हवा. म्हणून खड्डे.

आता आपल्याकडे या. 1919 च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा झाल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. त्यांनी पाहिलं, की धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, अनवाणी, युरोपियन नियमांची काही माहिती नाही. मैदान खडबडीत आणि लहान, त्यामुळे शंभरची शर्यतसुद्धा वळणावरून आणि लेनच्या दोऱ्या न लावता घ्यायचं ठरलं होतं! तरीही काहींचा वेग बघून टाटा चकित झाले. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये 19वे आले. म्हणजे बघा, पायांत दम होता, सुरुवातीची सोय नव्हती.

ब्लॉक आले 1920 च्या दशकाच्या शेवटी. आयोवा विद्यापीठाचे कोच जॉर्ज ब्रेसनहन यांनी ते बनवले. 1929 मध्ये जॉर्ज सिम्पसन ब्लॉक वापरून 100 यार्ड 9.4 सेकंदांत धावला, पण विक्रम मान्य झाला नाही. का? ब्लॉकची मदत घेतली म्हणून! 1936 ला बर्लिनमध्ये जेसी ओवेन्सने चक्क छोट्या थापीने ट्रॅकवर खड्डे खणले आणि चार सुवर्णपदकं नेली. आमच्या खुरप्याचा थोरला भाऊच की तो. 1937 मध्ये ब्लॉकला परवानगी मिळाली आणि 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा आले. आज मोठ्या स्पर्धांत 400 मीटरपर्यंत ते सक्तीचे आहेत.

गंमत कळली का? जी वस्तू आधी अन्यायाची वाटली, तीच पुढे सगळ्यांना सारखी संधी देणारी ठरली. खड्डा कुणाचा खोल, कुणाचा भुसभुशीत. ब्लॉक सगळ्यांना सारखा. पुढे आवाजाचीही हीच गोष्ट झाली. पिस्तूल पहिल्या लेनजवळ वाजलं, तर आठव्या लेनपर्यंत आवाज पोचायला सुमारे 0.025 सेकंद जास्त लागतात. म्हणून आता प्रत्येक धावपटूच्या मागे स्पीकर असतो. एवढा हिशोब कशाला, असं वाटत असेल तर 1984 चं लॉस एंजेलिस आठवा. 400 मीटर अडथळ्यांत पी. टी. उषाचं कांस्यपदक 0.01 सेकंदाने गेलं.

पण ही बरोबरी ज्याने ब्लॉक आधी हाताळलाय त्याच्यासाठीच. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 15 गुण शंभर मीटरचे आहेत. आमच्याकडे पहाटे पाचला रस्त्याकडेला शेकडो पोरंपोरी पळतात. त्यांना दम कसा वाढवायचा ते कुणी ना कुणी सांगतं. सुटायचं कसं, हे क्वचितच.

गेल्या वर्षी गावातल्या सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे करून घेतले. खाली लांब खिळे ठोकले. पोरं आता त्यावर सराव करतात. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "दादा, कोणता पाय पुढे?"

म्हटलं, "बस. आधी हेच शिकू."

भेटू पुढच्या भागात!