लंडनमधील लोहितांग ज्वराचे विलगीकरण उपचार

लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीवर) हा मालागोलाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग असून तो प्रामुख्याने लहान मुलांना होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या रोगावर विशिष्ट औषध नव्हते. त्यामुळे रुग्णाला इतरांपासून वेगळे ठेवणे आणि त्याची शुश्रूषा करणे हाच उपचारांचा आधार होता.

पार्श्वभूमी

१८६७ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाने लंडनमध्ये होमरटन, स्टॉकवेल, टूटिंग आदी ठिकाणी ज्वर रुग्णालये चालवली. १८८९ च्या कायद्याने लंडनमध्ये अशा रोगांची माहिती आरोग्य अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक झाले. प्रारंभी केवळ निर्धनांसाठी असलेली ही रुग्णालये पुढे सर्व थरांतील रुग्णांसाठी खुली झाली.

उपचार

रुग्णास बोर्डाच्या रुग्णवाहिकेतून आणले जाई. मुक्काम साधारणतः सहा आठवड्यांचा असे. तापाच्या काळात सक्तीची विश्रांती व मुख्यतः दुधाचा आहार दिला जाई. घसा जंतुनाशक द्रवाने धुतला जाई. मूत्रपिंडदाह वेळीच लक्षात यावा म्हणून लघवीची वारंवार तपासणी होई. कानातून पू येणे, मानेतील ग्रंथी सुजणे आणि संधिवाती ज्वर हे अन्य उपद्रव होते.

कुटुंबीयांच्या भेटींवर कडक निर्बंध असत. त्यामुळे मुले कित्येक आठवडे आईवडिलांपासून दूर राहत.

वाद

सोलून निघणाऱ्या त्वचेतून रोग पसरतो, या समजुतीमुळे त्वचा पूर्ण सुटेपर्यंत रुग्णास ठेवून घेत. तरीही घरी परतलेल्या काही मुलांमुळे भावंडांना लागण होई. अशा रुग्णांच्या अभ्यासातून नाक, घसा व कान यांतील स्राव अधिक धोकादायक असल्याचे मत बळावले. एकाच कक्षात अनेक रुग्ण ठेवल्याने नवा संसर्ग होण्याचा धोकाही असे. परिणामी रुग्णालयीन विलगीकरणाच्या उपयुक्ततेविषयी वैद्यकांत मतभेद निर्माण झाले.

उत्तरकाळ

१९२० च्या दशकात शिकागो येथील जॉर्ज व ग्लॅडिस डिक या दांपत्याने या रोगाचे कारक जंतू सिद्ध करून त्वचाचाचणी व प्रतिविष विकसित केले. १९३० मध्ये बोर्ड विसर्जित होऊन रुग्णालये लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली. रोगाची तीव्रता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच घटत होती. सल्फा औषधे व पेनिसिलिन आल्यानंतर दीर्घ विलगीकरणाची गरज उरली नाही.