गलगंड, दोन शल्यविशारद आणि एक कोडे

भाजी चिरताना बोट कापले की आपण जखम घट्ट दाबून धरतो. थोड्या वेळाने रक्त साकळते आणि आपण कामाला लागतो. शल्यविशारदाची पंचाईत अशी, की जिथून रक्त येते आहे तिथेच त्याला काम करायचे असते. दाबून धरावे तर काम थांबते, हात काढावा तर रक्ताच्या डबक्यात काही दिसत नाही. म्हणजे रक्तस्रावाचे संकट दुहेरी आहे. रक्त जाऊन रोगी दगावू शकतो आणि नीट न दिसल्यामुळे भलतेच काही कापले जाऊ शकते.

पहिल्या संकटावरचे उपाय फार जुने आहेत. सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. तुरट औषधांनी जखम सांधणे, गारव्याने रक्त गोठवणे, भस्म वापरणे आणि डाग देऊन शिरा आकुंचित करणे. सोळाव्या शतकात आम्ब्रुआज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने, पाय कापल्यावर तापलेल्या लोखंडाने डागण्याऐवजी तुटलेल्या धमन्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत रुजवली. पण हे उपाय मुख्यतः उघड्या जखमेसाठी होते. जिथे बोटभर जागेत धमन्या, नसा, श्वासनलिका दाटीवाटीने असतात तिथे काय करायचे? या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती गळ्यात, अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत.

अवटू ग्रंथी श्वासनलिकेला पुढून बिलगलेली असते. आकाराच्या मानाने तिला होणारा रक्तपुरवठा विलक्षण मोठा असतो. आहारात आयोडीन कमी पडले की ती फुगते आणि गलगंड होतो. आल्प्सच्या दऱ्यांत हा रोग घरोघरी होता. गलगंड फार वाढला की श्वास कोंडे. तो कापून काढावा तर सुरीच्या प्रत्येक फटक्यासरशी रक्ताचा लोट येई. १८५० मध्ये फ्रान्सच्या वैद्यक अकादमीने या शस्त्रक्रियेचा निषेध केला. अमेरिकेतील सॅम्युअल ग्रॉस यांनी १८६६ मध्ये, कोणताही शहाणा शल्यविशारद हिच्या वाटेला जाणार नाही, अशा अर्थाचे लिहिले.

पुढच्या काही वर्षांत तीन गोष्टी हाताशी आल्या. १८४६ मध्ये ईथरची भूल आली होतीच. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशकाचा वापर जाहीर केला. त्याच सुमारास पॅरिस, स्ट्रासबुर्ग आणि लंडन येथील शल्यविशारदांनी धमनीचे चिमटे प्रचारात आणले. या चिमट्याच्या मुठीजवळ दातेरी पट्टी असते. दाबला की चिमटा अडकून राहतो आणि हात मोकळा होतो. वस्तू साधी, पण तिने शल्यविशारदाला वेळ मिळवून दिला. भूल नव्हती तेव्हा चपळाई हाच मोठा गुण होता. आता सावकाश काम करणे शक्य झाले.

या सवडीचा पुरेपूर उपयोग केला तो स्वित्झर्लंडमधील बर्नच्या थिओडोर कोखर यांनी (१८४१–१९१७). आधी धमनी शोधायची, दोन चिमट्यांत धरायची, मग मध्ये कापून दोन्ही टोके बांधायची. ग्रंथीभोवती जे पातळ आवरण असते त्याला धरून थर अलगद सुटे करायचे. दोन थरांच्या मधून गेले की रक्त फारसे येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आधी या शस्त्रक्रियेत शंभरातले दहाहून अधिक रोगी दगावत. कोखर यांच्या हाती हे प्रमाण १९१२ पर्यंत अर्ध्या टक्क्याच्याही खाली आले.

त्याच काळात व्हिएन्नामध्ये आणखी एक थिओडोर गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत होते, थिओडोर बिलरोट (१८२९–१८९४). पोटाच्या शस्त्रक्रियांत त्यांचे नाव आजही घेतले जाते. ते भराभर काम करत आणि रक्तस्रावाची फारशी तमा बाळगत नसत.

आता कोडे पाहा. दोघेही एकच ग्रंथी काढत होते. पण शस्त्रक्रियेतून वाचलेल्या रोग्यांना पुढे जो त्रास होई, तो दोन ठिकाणी वेगवेगळा होता. व्हिएन्नात काही रोग्यांना थोड्याच दिवसांत हातापायांत पेटके येत, बोटे वाकडी होत, झटके येत. बिलरोट यांचे सहायक अँटोन व्होल्फ्लर यांनी १८७९ मध्ये याची पहिली नोंद केली. (या विकाराला टेटनी म्हणतात. धनुर्वाताच्या टेटनसशी त्याच्या नावाचे साम्य आहे, पण जंतूंशी त्याचा संबंध नाही.) बर्नमध्ये हे क्वचितच दिसे. तिथले रोगी ठणठणीत होऊन घरी जात. पण काही महिन्यांनी त्यांचे हातपाय जड पडू लागत, चेहरा सुजट दिसे, बोलणे आणि विचार मंदावत.

कोखर यांना हे बराच काळ ठाऊक नव्हते. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या झाक-लुई रेव्हर्दां यांनी आपल्या रोग्यांतले असे बदल त्यांच्या कानावर घातले. कोखर यांना १८७४ मध्ये शस्त्रक्रिया केलेल्या ११ वर्षांच्या एका मुलीविषयी तिच्या डॉक्टरांनी कळवलेले आठवले. त्यांनी जुन्या रोग्यांना परत तपासायला बोलावले. ती मुलगी आली. तिची धाकटी बहीण आणि ती पूर्वी ओळखू येत नसत इतक्या सारख्या होत्या. आता धाकटी मोठी झाली होती आणि हिची वाढ खुंटली होती. बुद्धीही मंदावली होती. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या ज्या १८ जणांची फेरतपासणी झाली, त्यांपैकी १६ जणांत हीच लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळली. १८८३ मध्ये कोखर यांनी जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत हे सर्व स्वतःहून मांडले. साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे त्यांनी बंद केले.

एकाच शस्त्रक्रियेचे दोन परिणाम का? पुढे वाचण्याआधी हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. मुले हवामान, अन्न, औषधे अशी अनेक कारणे सुचवतील. प्रत्येक कारण कसे तपासता येईल, हेही त्यांनाच विचारावे.

कोड्याचा हरवलेला तुकडा अवटूच्या मागे दडलेला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना एक छोटी पिवळसर ग्रंथी दिसली होती. स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये माणसांतील अशा ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. या परावटू ग्रंथी. बहुधा चार असतात आणि डाळीच्या दाण्याएवढ्या असतात. त्या काढल्या की पेटके येतात, हे १८९१ पासून युजीन ग्ले यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसू लागले. त्या रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण सांभाळतात, हे १९०९ च्या सुमारास स्पष्ट झाले.

दोन्ही शल्यविशारदांना जवळून ओळखणारे अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १९२० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या लेखनात या कोड्याचा उलगडा सुचवला. कोखर रक्त न सांडता, आवरणाला धरून अवटू सबंध काढत, बाहेरच्या भागाला धक्का लावत नसत. म्हणून परावटू वाचत, पण अवटूचा कणही उरत नसे. बिलरोट घाईने काम करत. त्यामुळे अवटूचे तुकडे मागे राहत आणि परावटू मात्र निघून जात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटे. म्हणजे रोग्याच्या त्रासावरून शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताची सवय ओळखता येत होती! हा अर्थात तर्क आहे, पण दोन्ही ठिकाणच्या नोंदींशी तो नेमका जुळतो.

यातला एक मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. धमनी बांधली की रक्तस्राव थांबतो, पण त्याच गाठीने कुणाचा तरी रक्तपुरवठाही तुटतो. हॉल्स्टेड आणि त्यांचे विद्यार्थी हर्बर्ट इव्हान्स यांनी १९०७ मध्ये परावटूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांचे वर्णन केले. त्या अवटूच्या धमन्यांच्याच फांद्या असतात. मुख्य धमनी दूर बांधली तर ही फांदीही उपाशी राहू शकते. म्हणून फांदी फुटून गेल्यानंतर, ग्रंथीच्या अगदी जवळ गाठ मारायची. बागेतला नळ दुरुस्त करताना साऱ्या वाड्याचे पाणी बंद करू नये, तसेच हे.

कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते अवटू ग्रंथीचे कार्य, विकार आणि शस्त्रक्रिया यांवरील कामासाठी. अवटू नसलेला माणूस कसा होतो, हे जगाला त्यांच्या रोग्यांमुळे कळले. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी अवटूच्या कार्याअभावी आजारी असलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटूचा अर्क टोचला. तिला उतार पडला आणि ती आणखी २८ वर्षे जगली. आज अवटू पूर्ण काढावी लागली तरी थायरॉक्सिनच्या रोजच्या गोळीवर रोगी नेहमीचे जीवन जगतो.

साधनेही बदलली आहेत. १९२६ मध्ये बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या यंत्राच्या साहाय्याने, उच्च वारंवारतेच्या विजेने रक्तवाहिन्या बंद करत एका रोग्याच्या डोक्यातील गाठ काढली. हे कुशिंग काही काळ बर्नला कोखर यांच्याकडे काम करून आले होते. आता ध्वनितरंगांवर चालणारी उपकरणेही आहेत. पण उष्णता आजूबाजूला पसरते, म्हणून नसेजवळ आणि परावटूजवळ ती जपूनच वापरावी लागतात. अवटूच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याच्या रक्तातील कॅल्शियम आजही तपासले जाते. १८७९ मध्ये नोंदवलेल्या त्या पेटक्यांची आठवण ही तपासणी ठेवते.