नोंदवहीतली आडवी रेघ

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास म्हटला, की आपण मोटारी, स्कूटरी आणि कामगार चळवळ यांच्याबद्दल बोलतो. आज आपण कारखान्याच्या प्रयोगशाळेत जाऊ. आपला प्रश्न साधाच आहे: तिथून बाहेर पडणाऱ्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा?

सुरुवात पिंपरीतूनच करू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. पेनिसिलिनची ताकद मोजायची त्या काळची रूढ पद्धत अशी: काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यात औषध ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी औषधाभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजायचं. आकडा वहीत लिहायचा. औषधांच्या प्रयोगशाळांची शिस्त अशी, की चुकलेला आकडा खोडायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी दुरुस्त आकडा, सही आणि तारीख. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे, कारण त्या वहीच्या भरवशावर कुणाला तरी इंजेक्शन टोचलं जाणार असतं.

पुढे संगणक आले. उपकरणं स्वतःच नोंदी करू लागली. नमुन्याला बारकोड लागला. कोणतं यंत्र मोकळं आहे, कुणाचं कॅलिब्रेशन जवळ आलंय, निकाल कुणी तपासला, हे सगळं एका पडद्यावर दिसू लागलं. वेळ वाचला, आकडे उतरवून घेतानाच्या चुका टळल्या. पण संगणकात आकडा बदलला, की जुना गायबच! मग रेघ मारायची कुठे? १९९७ साली अमेरिकेच्या एफडीएने यावर नियम केला: बदल कुणी केला, केव्हा केला, याची नोंद सॉफ्टवेअरनेच ठेवायची आणि आधीचा आकडा झाकायचा नाही. अमेरिकेला औषधं पाठवणाऱ्या आपल्या कारखान्यांनाही तो पाळावा लागला. म्हणजे वहीतली रेघच संगणकात आली.

एवढ्याने भागलं का? त्यासाठी मोटारींकडे वळू. उत्सर्जन चाचणीत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगाने चालवतात आणि धूर मोजतात. सगळी यंत्रं सॉफ्टवेअर एका घड्याळावर चालवतं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं, की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर ही चाचणी ओळखत होतं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करत होतं. याच कंपनीचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकणला आहे. एआरएआयने इथे तपासणी केली. डिसेंबरमध्ये भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी स्वेच्छेने परत बोलावत असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

इथे बघा, प्रयोगशाळेच्या नोंदी चोख होत्या. आकडाही खरा होता, पण तो रस्त्यावरच्या गाडीचा नव्हता. म्हणून आता, एप्रिल २०२३ पासून, आपल्याकडेही मोजणारी यंत्रं गाडीवर बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी घ्यावी लागते.

तेव्हा प्रयोगशाळेसाठी सॉफ्टवेअर घेताना किती वेळ वाचेल हे जरूर विचारावं. पण त्याआधी विचारावं: जुना आकडा दिसेल का? आणि आपण मोजतोय ते नेमकं कशाचं?