पुष्पचित्रण, आधुनिक : उत्तर-दृक्‌प्रत्ययवादाचा प्रभाव

फुले, फळे, भांडी, वस्त्रे इ. निश्चल वस्तूंची हेतुपूर्वक मांडणी करून रंगविलेल्या चित्रास स्थिरवस्तुचित्र म्हणतात. त्यातील पुष्पचित्रांचा प्रकार सतराव्या शतकात हॉलंडमध्ये भरभराटीस आला. तथापि यूरोपीय कला-अकादमींच्या विषयश्रेणीत ऐतिहासिक व धार्मिक चित्रे अग्रस्थानी असून स्थिरवस्तुचित्रे सर्वांत खालच्या पायरीवर होती. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून (स्थापना १८५७) पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षण महाराष्ट्रात रुजले, तेव्हा फुलदाणी ही प्रामुख्याने हात व नजर घडविण्याच्या सरावाची वस्तू ठरली.

ही श्रेणी उत्तर-दृक्‌प्रत्ययवादाने खिळखिळी केली. रॉजर फ्राय याने १९१० मध्ये लंडन येथे भरविलेल्या प्रदर्शनामुळे ही संज्ञा रूढ झाली. पॉल सेझानने साध्या वस्तूंतून रंगांच्या साहाय्याने घनता व रचना साधली. तर व्हान गॉखने आर्ल येथे १८८८ मध्ये रंगविलेल्या सूर्यफुलांत जाड रंगलेपाला भावनेचे वाहन केले. चित्राचे मोल विषयाच्या थोरवीवर नव्हे, तर रंग व आकार यांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असते, हा विचार त्यातून दृढ झाला.

मुंबईत हा विचार १९३० नंतरच्या काळात बळावला. कलासमीक्षक रूडी फॉन लायडेन आणि १९३८ मध्ये व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लांगहॅमर यांनी तरुण चित्रकारांना आधुनिक यूरोपीय कलेचा परिचय करून दिला. त्यांच्या प्रोत्साहनाने पुढे आलेल्यांपैकी कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४–८५) यांनी पुष्पचित्रणाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. सिकंदराबादजवळील बोलारम येथे जन्मलेले आरा बालपणीच मुंबईत आले. घरकाम व मोटारी धुण्याचे काम करून त्यांनी उदरनिर्वाह केला. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना कारावासही घडला. १९४२ मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन मुंबईत भरले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते एक संस्थापक होत.

आरा जलरंगही तैलरंगाप्रमाणे दाट लावीत. त्यांच्या चित्रांत फुलांच्या जातींच्या तपशिलापेक्षा गुच्छाचा भरीवपणा, फुलदाणीचा ठसठशीत आकार व कुंचल्याचा जोम प्रत्ययास येतो. समीक्षकांनी त्यांच्या संदर्भात सेझान व मातीस यांचा वारंवार उल्लेख केला आहे. मात्र सेझानची मांडणी संथ व विश्लेषक, तर आरांची उत्स्फूर्त आहे. त्यामुळे हा प्रभाव अनुकरणाचा नसून दृष्टीच्या मोकळेपणाचा म्हणावा लागेल. ‘टू जग्ज’ या त्यांच्या चित्रास १९५२ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. वर्गातील सरावापुरता मानला गेलेला विषय प्रदर्शनातील सर्वोच्च सन्मानास पात्र ठरू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढे नग्नचित्रांकडे वळल्यानंतरही आरांनी पुष्पचित्रण सोडले नाही.