तुमच्या खिशाचे पणजोबा कुठे गेले?

आजचा भाग खिशाबद्दल आहे. म्हणजे आत्ता ज्यात तुमचा फोन आहे ना, त्याच्या पणजोबांबद्दल.

'खिसा' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ शब्द 'कीसा', आणि त्याचा अर्थ पैशाची थैली. कपड्याला शिवलेला खिसा खूप नंतरचा. धोतराला कुठला आलाय खिसा! चार नाणी असली की ती कनवटीला लावायची. जास्त असली तर कापडी कसा कमरेला बांधायचा. बायकांकडे नाडी ओढून बंद होणारा बटवा, आणि पानसुपारीसाठी चंची.

आता जाऊया वर्धा जिल्ह्यात, धाम नदीकाठी, पवनारला. आज छोटं गाव वाटतं, पण सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचं नाव आहे. 'सरकार' म्हणजे तेव्हाचा जिल्हाच समजा. म्हणजे इथे सारावसुली होती, कारकून होते, बाजार होता. आणि पैसा होता, तोही वजनदार! अकबराचा तांब्याचा एक दाम जवळपास २१ ग्रॅमचा. हिशेबात एका रुपयाचे ४० दाम. म्हणजे एका रुपयाची चिल्लर कमरेला बांधली तर आठशे ग्रॅमच्या वर ओझं. क्यूआर कोड स्कॅन करताना हे जरा आठवा.

त्याच्या आसपासच्या काळात इंग्लंडमध्ये पट्ट्याला अडकवायच्या पिशव्या होत्या. त्यातल्या काहींना वर धातूची आडवी दांडी असायची, मधोमध फिरती कडी. काही दांड्यांवर नक्षी, काहींवर 'आवे मारिया'सारखी प्रार्थना कोरलेली. पिशवी कुजून गेली, दांडी मातीत राहिली. आज तिथल्या शेतात अशी दांडी सापडली की तिचा फोटो, माप आणि सापडल्याची जागा यांची नोंद होते. त्यासाठी १९९७ पासून एक योजनाच चालू आहे. तिच्यात आजवर दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. त्यातल्या बहुतेक वस्तू राजाच्या नाहीत, साध्या माणसांच्या.

मग आपल्याकडे असं का नाही? पहिलं कारण सोपं आहे. आपली थैली नाडीवर चालायची. कापूसही इथलाच, दोराही इथलाच. विदर्भाच्या काळ्या मातीत पावसाळे सोसून कापड टिकत नाही. धातू होता तो थैलीच्या आत: चुन्याची पितळी डबी, अडकित्ता, नाणी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते बघा, पोपट काय, घोडे काय! सुपारी कातरायच्या हत्यारावर एवढा जीव ओतलाय.

दुसरं कारण जास्त बोचतं. आपल्या घरात पितळ जुनं झालं की मोडीत जातं. कासाराकडे किंवा भांड्यांच्या दुकानात काटा लागतो, घट कापली जाते, नवं भांडं घरी येतं. त्यात वाईट काही नाही. पिढ्यान् पिढ्या आपण असंच रिसायकलिंग केलं. 'मोडीत काढणं' हा वाक्प्रचार तिथलाच. पण काट्याला नक्षी कळत नाही, त्याला फक्त वजन कळतं.

गंमत म्हणजे कायद्याचा काटाही तसाच. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवा. सरकारला ती वस्तू घ्यायची असेल तर किंमत कशी ठरते? त्यातल्या मालाची किंमत, वर तिचा एक पंचमांश. कारागिराच्या हाताचे पैसे शून्य! मग नांगराला लागलेली डबी लोक गुपचूप भंगारात देतात, यात मला नवल वाटत नाही.

पण हेच पवनार दुसरी गोष्टही सांगतं. १९३८ मध्ये विनोबा तिथे राहायला आले. जमीन खणताना भरत-राम भेटीचं शिल्प निघालं. कुदळ थांबली, म्हणून ते शिल्प आज आश्रमात आहे. पुढे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठानं पवनारला उत्खनन केलं आणि गावाचा इतिहास थराथरानं समोर आला. थर महत्त्वाचा, बरं का. वस्तू कुठे आणि कशाबरोबर होती हे गेलं, की उरतं फक्त सुंदर पितळ.

म्हणून आजचं काम छोटं आहे. घरात आजीची चंची, डबी, अडकित्ता असेल तर मोडीत जायच्या आधी फोटो काढा. कुणाची, कुठली, कशासाठी, हे आजीच्याच आवाजात रेकॉर्ड करा. आणि शेतात काही लागलं तर घासूनपुसून चकचकीत करू नका. जागेचा फोटो घ्या, तहसील किंवा कलेक्टर कचेरीत कळवा.

आपल्या पूर्वजांच्या थैल्या मातीनं खाल्ल्या, त्याला इलाज नव्हता. थैलीतलं जे अजून उरलंय, ते मात्र आपल्या हातात आहे.

भेटू पुढच्या भागात!