न बुडणारी होडी

"होडीचं काय झालं?" असं दर रविवारी फोनवर विचारणाऱ्या काका-मावश्यांनो, ही घ्या पोस्ट.

होडी म्हणजे तेरा फुटी बॉस्टन व्हेलर, १९६६ची. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये शेजाऱ्याच्या अंगणात पानांनी भरून पडली होती. "घेऊन जा" म्हणाला. फुकट ते पौष्टिक!

डिक फिशरने ही होडी १९५८ला बाजारात आणली. आराखडा रे हंटचा. फायबरग्लासच्या आत-बाहेर दोन कवचांमध्ये पातळ फोम ओतायचा, तो फुगून दोन्हींना घट्ट धरतो. सांगाडा असा नाहीच. बुडत नाही हे पटवायला फिशरने १९६१ साली 'लाइफ'च्या छायाचित्रकारासमोर होडी करवतीने मधोमध कापून घेतली, आणि स्वतः सूट घालून आत बसून राहिला. मग इंजिनवाला अर्धा भाग चालवत निघून गेला! जाहिरात असावी तर अशी.

मी सरळ पॉलिश करायला बसलो होतो. बाबांना फोनवर सांगितलं, तर वेंगुर्ल्याहून म्हणाले, "अरे, आधी वजन कर."

त्यांनी आयुष्यभर लाकडी होड्या पाहिल्या, फायबरची एकही नाही दुरुस्त केली. पण ट्रकच्या काट्यावर नेली तर पुस्तकातल्या वजनापेक्षा ९० पौंड जास्त! कुणीतरी स्क्रूची भोकं न बुजवता सोडली होती. तिथून वर्षानुवर्षं पाणी शिरलं, आणि ज्या फोममुळे ती बुडत नाही त्यानेच ते धरून ठेवलं. लाकडी होडी गळते तेव्हा निदान दिसतं तरी.

जुन्या होड्यांचे शौकीन म्हणतात, मूळ तळ कापला की किंमत गेली. दोन आठवडे करवत हातात घेऊन नुसता उभा होतो. पण बाबा जुलैत येतायत, वय ७८, आणि त्यांना तीत बसायचंय. कापला. आतून निघालेला फोम पिळता येत होता, हो, अक्षरशः पिळता! मग पंखे, हीटर, नवा फोम, वर फायबरचे थर. रेझिनच्या वासाने गॅरेजचं दार घरातून कायमचं बंद झालंय (हुकूम कुणाचा ते सांगायला नको).

काल परत काट्यावर नेली. अजून २५ पौंड जास्त आहेत. बाबांना सांगितलं.

"मागच्या फळीत बघितलंस?" म्हणाले.

नव्हतं बघितलं.