भादव्याचे गवत, चैत्राची गव्हाण

दुष्काळाचा इतिहास आपण बहुधा पावसाच्या आकड्यांनी लिहितो. तोच गवताच्या बाजूने लिहून पाहिला तर वेगळाच प्रश्न समोर येतो. देवळा, कळवण, बागलाण या पट्ट्यात पाऊस बेताचा झाला, तरी भाद्रपद-आश्विनात सातमाळ्याच्या उतारांवर गावच्या जनावरांना खाऊन संपणार नाही इतके गवत उभे असते. सहा महिन्यांनी त्याच गावांत गव्हाण रिकामी असते. मधल्या काळात ते गवत जाते कुठे, आणि ते राखण्याचे ओझे आजवर कोणी कोणावर टाकले, हे मला येथे तपासायचे आहे.

आधी गवताचा स्वभाव पाहू. मारवेल, पवन्या, कुसळी ही आपली डोंगरी गवते. फुलोऱ्यावर येताना त्यांत कस सर्वाधिक असतो. बी पिकले की कस उतरतो आणि उरते ती काडी. कुसळीची कुसळे तर जनावराच्या तोंडात रुततात. म्हणजे भाद्रपदात कापले तर पावसात भिजून कुजण्याची भीती, आणि कार्तिकात कापले तर काडी हाती. मधले पंधरा-वीस दिवस काय ते खरे. नेमक्या त्याच दिवसांत बाजरीची कापणी, मक्याची खुडणी आणि कांद्याची लागवड एकदम अंगावर येते. गवत उदंड असते, पण कापायला हात नसतात. चाऱ्याच्या टंचाईचे मूळ मला या अडचणीत दिसते.

ही अडचण राज्यकर्त्यांना फार पूर्वी कळली होती, कारण त्यांचे घोडदळ गवतावरच चाले. दसऱ्याचे सीमोल्लंघन केवळ मुहूर्त पाहून होत नसे. नद्या उतरलेल्या, शेतात धान्य आणि माळावर गवत, हे सारे जुळून येणारा तो काळ. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना शिवाजी महाराजांनी मोगली फौजेशी लढाई दिली ती कांचनबारीच्या परिसरात, म्हणजे आपल्याच डोंगररांगेत, आणि ती याच ऋतूत.

१६७०च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढ्यापुरतेच ते सहसा सांगितले जाते. वस्तुतः त्याचा मोठा भाग साठ्याच्या हिशेबाचा आहे. दाणा आणि गवत आत्ताच बेहिशेबी उधळले तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील, अशी ती कारणपरंपरा आहे. गंजीजवळ चुली पेटवू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदराने पेटती वात नेली तर सारे गवत भस्म होईल, इतक्या बारकाईने त्यात बजावले आहे. शिलकी गवत नीट राखणे आणि रयतेचे रक्षण या दोन गोष्टी त्या पत्रात एकाच धाग्यात आहेत.

पेशवाईत सरकारी कुरणे होती आणि त्यांचे गवत कापून वाहून नेण्याची वेठ भोवतालच्या गावांवर असे. गंजी सरकारची भरे. गावकऱ्याचे सुगीचे दिवस मात्र त्यात जात. इंग्रजी अमलात १८७८च्या वनकायद्याने डोंगर राखीव झाले. चराईला फी आली आणि गवताचे लिलाव सुरू झाले. १८९९-१९०० च्या छप्पन्नच्या दुष्काळात मुंबई सरकारने जंगलातले गवत कापून, दाबून रेल्वेने टंचाईच्या भागांत पाठवले, तरी जनावरे अफाट मेली. १९०१ च्या दुष्काळ आयोगाला चाऱ्याच्या दुष्काळाचा वेगळा विचार करावा लागला. ऐन संकटात हलवलेले गवत आणि हंगामात गावोगाव रचलेली गंजी यांतला फरक त्या वर्षाने दाखवून दिला.

हिरवा चारा हवाबंद खड्ड्यात मुरवण्याची विद्या युरोपात १८७७ साली फ्रान्सच्या गोफारच्या ग्रंथामुळे गाजली. १८८० च्या दशकात हिंदुस्थानातही तिचे प्रयोग झाले. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिले लष्करी दुग्धशेत निघाले. तो सारा पसारा २०२१ मध्ये बंद झाला. विद्या मात्र आज शेतकऱ्याच्या दारात आली आहे. चिकावरचा मका कुट्टी करून, हवा काढून दाबायचा आणि दीड महिन्याने उघडायचा, हा मुरघास देवळा भागातल्या दूधवाल्यांना नवा नाही.

पण मुरघासाला रान लागते, पाणी लागते, पैसा लागतो. पक्व डोंगरी गवतात साखर कमी आणि काडी पोकळ, म्हणून ते खड्ड्यात नीट मुरत नाही. त्याचे वाळवण करून गंजीच रचावी लागते. ज्याच्याकडे मका नाही, दोन शेळ्या आणि एक गाय आहे, त्याचा आधार गायरान आणि डोंगरच. तिथले गवत मात्र उभ्या उभ्या वाळते, फाल्गुनात वणव्यात जाते, आणि चैत्रात तोच माणूस उसाचे वाढे विकत घेतो किंवा छावणीची वाट पाहतो.

इतिहासात कापणीची व्यवस्था होती, पण ती वेठीची होती. वेठ गेली हे उत्तमच झाले. तिच्या जागी मजुरीची व्यवस्था मात्र आपण उभी केली नाही. रस्ते खोदण्यासाठी रोजगार हमी देणाऱ्या राज्यात आश्विनातल्या पंधरा दिवसांच्या गवतकापणीला मजुरी आणि गावाच्या गंजीला जागा देणे अशक्य नाही. छावणी उघडावी लागते तेव्हा त्याहून कितीतरी जास्त खर्च होतो, आणि तोवर दावणीची जनावरे विकली गेलेली असतात.